मंगोलियात कम्युनिस्ट नेमके हरले कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १९९० च्या मार्चमध्ये मंगोलियातली कम्युनिस्ट राजवट एकही गोळी न झाडता गेली. जुलैत पहिली मोकळी निवडणूक झाली, तर लोकांनी त्याच पक्षाला ८० टक्क्यांहून जास्त जागा दिल्या. मग ही लोकशाही आली म्हणायची की नुसती पाटी बदलली? आणि खरंच आली असेल, तर कझाकस्तान-उझबेकिस्तानला जे जमलं नाही ते या एवढ्याशा देशाला कसं जमलं?

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात तौलनिक राजकारण शिकवलं. आमच्या अभ्यासक्रमात मंगोलियाला जेमतेम दीड ओळ होती, आणि ती दीड ओळ मीही वर्षानुवर्षं तुमच्याच सुरात शिकवत आलो: "तिथे जुन्याच मंडळींनी नवे कपडे घातले." पुढे २००६ चा हिवाळा उलानबातरमध्ये काढला, पाच महिने. मंगोल भाषा मला येत नाही. रशियन येते, आणि तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसांशी बोलायला ती पुरते. तेव्हा खाली जे लिहितोय ते थोडं वाचलेलं, थोडं शिकवून शिकवून घोटलेलं आणि थोडं त्या हिवाळ्यात ऐकलेलं आहे.

आधी प्रश्नच जरा हलवून बसवू. राजवट कधी पडली हे आपण विचारतो, कारण तारीख सापडते, फोटो सापडतो. पण पडलेली राजवट आणि आलेली लोकशाही या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मंगोलियात त्यांच्यात सहा वर्षांचं अंतर आहे. विद्यार्थ्यांना मी वेगळा प्रश्न विचारायचो: सत्ताधारी पक्ष निवडणूक हरला कधी, आणि हरल्यावर किल्ल्या कुणाच्या हातात ठेवून घरी गेला? याचं उत्तर १९९० नाही. १९९६ आहे.

आता मुळापासून. "उपग्रह राष्ट्र" म्हटलं की आपल्याला पोलंड, हंगेरी आठवतात. मंगोलिया त्यांच्या आधी वीस वर्षं मॉस्कोच्या कक्षेत गेला होता. १९२१ मध्ये लाल सैन्याच्या मदतीने क्रांती, १९२४ मध्ये लोकप्रजासत्ताक. जगातला हा दुसरा कम्युनिस्ट देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट आणि माणसं १९९० मध्येही वीस लाखांच्या थोडी वर, म्हणजे आजच्या नागपूर शहराहून कमी. उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन, तिसरी सीमाच नाही. चीनच्या पोटात जायचं नसेल तर रशियाचा हात धरायचा, एवढाच पर्याय त्या वेळच्या पुढाऱ्यांना दिसत होता, आणि त्यांनी तो हात धरला.

त्याची किंमत भयंकर होती. १९३७ ते १९३९ या काळात चोइबाल्सान या हुकूमशहाच्या राजवटीने तीसेक हजार माणसं मारली. देशाची लोकसंख्या तेव्हा सात-आठ लाख. मेलेल्यांत बहुसंख्य लामा. शेकडो मठ पाडले गेले. पुढे उभी मंगोल लिपी जाऊन रशियन लिपी आली. चंगेज खानाचं नाव घेणं धोक्याचं झालं. १९६२ मध्ये त्याची आठशेवी जयंती साजरी करायला निघालेल्या तोमोर-ओचिर नावाच्या ज्येष्ठ नेत्याची पॉलिटब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीतून, हकालपट्टी झाली. कुळाची आडनावं तर १९२० च्या दशकातच बंद झाली होती. नव्वदीच्या दशकात ती परत घ्यायची परवानगी मिळाली तेव्हा आपलं कूळ कोणतं हेच लोकांना आठवेना. असंख्य लोकांनी सरळ चंगेज खानाचं "बोर्जिगिन" लावलं. १९८१ मध्ये अंतराळात जाऊन आलेल्या गुररागचा यांनी आपलं आडनाव "सन्सार" घेतलं, अर्थ अंतराळ. तो शब्द आपल्या "संसार"चाच भाऊबंद आहे, बौद्ध धर्माच्या वाटेने तिकडे गेलेला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मंगोलिया सोव्हिएत संघात विलीन झाला नव्हता. स्वतःचा झेंडा, स्वतःचं सैन्य, १९६१ पासून संयुक्त राष्ट्रांत स्वतःची खुर्ची. (ती खुर्ची मिळवायला भारताने जोर लावला होता. १९५५ मध्ये मंगोलियाशी संबंध जोडणारा समाजवादी गटाबाहेरचा पहिला देश भारतच.) निर्णय मॉस्कोत व्हायचे हे खरं. त्सेदेनबाल यांनी तीस वर्षांहून जास्त काळ राज्य केलं आणि १९८४ मध्ये ते मॉस्कोत सुट्टीवर असतानाच त्यांना पदावरून काढलं गेलं. मालकाच्या घरी पाहुणे म्हणून गेले आणि नोकरी गेल्याचं तिथेच कळलं. जागी आले जांबिन बातमोंख, पूर्वी अर्थशास्त्र शिकवणारा, अबोल माणूस.

पैशाचं म्हणाल तर सोव्हिएत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के होती. पेट्रोल तिकडून, सुटे भाग तिकडून, एर्देनेतची तांब्याची प्रचंड खाण निम्मी त्यांची. हा आकडा लक्षात न घेता मंगोलियातल्या कुठल्याही घटनेचा अर्थ लागत नाही.

आता १९८९ चा हिवाळा. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, उलानबातरच्या युवा सांस्कृतिक केंद्रासमोर दोनेकशे तरुण जमले आणि लोकशाही संघटनेची घोषणा झाली. पुढारी कोण? विद्यापीठात शास्त्रीय कम्युनिझम शिकवणारा सत्तावीस वर्षांचा झोरिग, लष्कराच्या वर्तमानपत्रात काम करणारा एल्बेगदोर्ज, गानबोल्ड नावाचा अर्थतज्ज्ञ. बहुतेक जण रशियात किंवा पूर्व युरोपात शिकून आलेले. पेरेस्त्रोइका, म्हणजे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांची सुधारणांची मोहीम, त्यांनी तिथल्या वसतिगृहांत बसून ऐकली होती. म्हणजे मॉस्कोने स्वतःच्या खर्चाने शिकवलेली पोरं मॉस्कोच्याच पुस्तकातून घरच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत होती. त्यांना "साम्राज्यवाद्यांचे हस्तक" कसं म्हणणार?

जानेवारीत सुखबातर चौकात मोर्चे निघाले तेव्हा तापमान उणे तीसच्या खाली होतं. उणे तीस म्हणजे काय हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. नाकातले केस गोठून टोचतात, आणि मोबाइल खिशातून काढला की बॅटरी बघता बघता उतरते. त्या थंडीत तास न् तास उभं राहणं हाच एक निषेध आहे. फेब्रुवारीत ग्रंथालयासमोरचा स्टालिनचा पुतळा हलला. (लेनिनचा मात्र २०१२ पर्यंत राहिला, कुणाला घाई नव्हती.) मार्चच्या सुरुवातीला सभेला लाखभर लोक होते असं सांगतात. शहराचीच वस्ती पाच-साडेपाच लाख होती. ७ मार्चला दहा जण चौकात उपोषणाला बसले. मागणी एकच: पॉलिटब्युरोने राजीनामा द्यावा. दोन दिवसांनी, ९ मार्चला, बातमोंख यांनी तो जाहीर केला.

त्या हिवाळ्यातलं एक छायाचित्र मंगोलियात सगळ्यांना पाठ आहे. झोरिग एका माणसाच्या खांद्यावर बसलाय, हातात कर्णा, खाली बिथरलेला जमाव. तो लोकांना भडकवत नाही, शांत राहा म्हणून विनवतोय. दुसरीकडे पक्षाच्या बैठकीत बळाचा वापर करण्याच्या हुकमावर सही करायचा आग्रह बातमोंख यांना होत होता. त्यांनी सही केली नाही. आपण मूठभर मंगोल, एकमेकांचं नाक फोडायची वेळ अजून आपल्यावर आलेली नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं तिथे आजही सांगितलं जातं.

का नाही केली सही? इथे मी ठामपणे बोलायचं टाळतो, कारण माणसाच्या मनातलं कागदपत्रांत सापडत नाही. माझा अंदाज सांगतो. एक, जून १९८९ चा बीजिंगचा चौक आणि डिसेंबरमधला रुमानियाचा चाउशेस्कू अशी दोन उदाहरणं अगदी ताजी होती. गोळ्या घालून सत्ता टिकते हे एकाने दाखवलं होतं, गोळ्या घालूनही टिकत नाही आणि जीव जातो हे दुसऱ्याने. बीजिंगसारखं करायचं तर पाठीशी बीजिंगचं बळ हवं. मंगोल पक्षाच्या पाठीशी मॉस्को होतं, आणि गोर्बाचेव्ह यांनी १९८६ मध्येच व्लादिवोस्तोकच्या भाषणात मंगोलियातल्या सोव्हिएत फौजा मागे घेण्याचं सूतोवाच केलं होतं. दोन, शहर लहान. उपोषणाला बसलेला पोरगा आणि त्याच्यावर हुकूम काढणारा अधिकारी एकमेकांच्या घरी जेवलेले असण्याची शक्यता भरपूर. तीन, आणि हे मला सगळ्यात वजनदार वाटतं: गोळी न घालताही आपण टिकू असं पक्षाला वाटत होतं. तो अंदाज बरोबर निघाला. तुमचा प्रश्न नेमका तिथूनच निघतो.

जाता जाता एक भारतीय धागा. त्याच जानेवारीत भारताचे नवे राजदूत म्हणून लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे उलानबातरला पोचले होते. स्वतः मोठे लामा, नेहरूंच्या काळापासूनचे राजकारणी. आंदोलक तरुण त्यांना भेटायला यायचे आणि ते अहिंसा सोडू नका म्हणून सांगून मंतरलेला दोरा बांधायचे, असं तिथले लोक सांगतात. राजवट त्यांच्यामुळे बदलली असं काही आपल्याकडचे लेख सुचवतात, तो आपला अभिमान झाला. पण साठ वर्षं देव-धर्म चोरून केलेल्या समाजात एक रिंपोचे परदेशी राजदूत बनून येतो, दहा वर्षं राहतो आणि मठ पुन्हा उभे करायला हातभार लावतो, याचा परिणाम मी कमी लेखणार नाही.

आता जुलै १९९०. तुम्ही जागांचा आकडा दिलात, मतांचा नाही, आणि सगळी गंमत तिथे आहे. त्या दिवशी दोन सभागृहांसाठी मतदान होतं. ४३० जागांच्या महाखुरालमध्ये पक्षाला साडेतीनशेच्या आसपास जागा मिळाल्या, कारण मतदारसंघ एकेका जागेचे होते आणि ग्रामीण भागाला लोकसंख्येच्या मानाने जागा जास्त होत्या. ५० जागांच्या लघुखुरालमध्ये मात्र पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा होत्या. तिथे त्यांना ३१ मिळाल्या, म्हणजे साठेक टक्के. विरोधकांना १९. चार महिने वयाच्या पक्षांना, ज्यांच्याकडे गाड्या नाहीत, पेट्रोल नाही, आणि मतदार गोबीत दीडशे किलोमीटरवर एका गेरमध्ये राहतो (गेर म्हणजे त्यांचा नमद्याचा गोल तंबू), त्यांना ४० टक्के मतं ही काही थोडकी नाहीत. जुन्या पक्षाची मात्र प्रत्येक नेगदेलमध्ये, म्हणजे पशुपालकांच्या सामुदायिक संस्थेत, शाखा होती. पशुवैद्य त्यांचा, शाळामास्तर त्यांचा, रेडिओ त्यांचा. आपल्याकडे साखर कारखाना आणि जिल्हा बँक ज्याच्या हातात, त्याचा आमदार कसा निवडून येतो हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

खरं नवल पुढे आहे. जिंकल्यावरही पक्षाने एकट्याने सरकार बनवलं नाही. ब्याम्बासुरेन पंतप्रधान झाले आणि गानबोल्ड, तोच मोर्चेवाला, उपपंतप्रधान. लघुखुरालचं अध्यक्षपद आणि देशाचं उपराष्ट्रपतिपद सोशल डेमोक्रॅट गोन्चिगदोर्ज यांच्याकडे. हा उदारपणा होता का? मला नाही वाटत. मॉस्कोचा नळ बंद होत होता, १९९१ पासून पेट्रोलचे पैसे डॉलरमध्ये मोजायचे होते. लोकांना कडू औषध पाजायचं होतं आणि चमच्यावर दोघांचे हात हवे होते. स्वार्थातून का होईना, पण याच लघुखुरालने नवी राज्यघटना घडवली, जी १३ जानेवारी १९९२ ला मंजूर झाली. ७६ जणांची एकच संसद आणि लोकांनी थेट निवडलेला, पण हात बऱ्यापैकी बांधलेला राष्ट्रपती. सगळी सत्ता एका खुर्चीत जाऊ द्यायची नाही, हे ती घटना लिहिणाऱ्यांनी सत्तर वर्षांच्या अनुभवातून ठरवलं होतं.

आता त्या कडू औषधाबद्दल, कारण पुस्तकात "संक्रमणकाळातील आर्थिक अडचणी" एवढंच लिहिलेलं असतं. मी ज्या खोलीत भाड्याने राहत होतो तिची मालकीण सत्तरीतली आजी होती. शाळेत रशियन शिकवायची. १९९० नंतर रशियन शिकायला कुणी येईना, सगळ्यांना इंग्रजी हवं. तिच्याबरोबरच्या कित्येक बायका पन्नाशीत इंग्रजीची मुळाक्षरं गिरवून पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. हिला ते जमलं नाही, तिने पाव भाजून विकायला सुरुवात केली. मैदा रेशनवर, लोणी रेशनवर, साखर रेशनवर. १९९२ मध्ये महागाई ३०० टक्क्यांच्या वर गेली होती. एकदा तिने फोटोंचा अल्बम काढला. लग्नाच्या फोटोमागे एक निळा कागद जपून ठेवलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "हा माझा देशातला वाटा."

१९९१ मध्ये सरकारने प्रत्येक नागरिकाला, अगदी तान्ह्या मुलालासुद्धा, १०,००० तुग्रिकची (तुग्रिक हे तिथलं चलन) कुपनं वाटली होती. लाल कुपनं दुकानं, जनावरं अशा छोट्या मालमत्तेसाठी, निळं कुपन मोठ्या कारखान्यांच्या समभागांसाठी. समभागांची खरेदी-विक्री व्हायची ती सुखबातर चौकाच्या कडेला, एका गुलाबी इमारतीत. ते पूर्वी लहान मुलांचं चित्रपटगृह होतं. मुलांचे खेळ बंद करून तिथे शेअर बाजार भरवला, यावर तिथले लोक काय काय विनोद करत असतील ते करोत. आजीने आपलं कुपन एका लोकरीच्या कारखान्यात घातलं. कारखाना दोन वर्षांत बसला. अल्बममधला कागद तिच्या नवऱ्याचा होता, तो वापरायच्या आधीच गेला. शेजारपाजाऱ्यांनी लाल कुपनं पिठाच्या गोणीला, काहींनी वोडकाच्या बाटलीला विकली, आणि ज्यांच्याकडे रोख होती त्यांनी ती गोळा केली. आज तिथे जे बडे आहेत त्यांतले काही तेव्हाच बडे झाले.

मी तिला विचारलं, तुम्ही मत कुणाला देत आलात? तिने बोटांवर मोजून सांगितलं. नव्वदला पक्षाला, "कारण बाकीचे पोरं होते." शहाण्णवला डेमोक्रॅट्सना, "कारण पक्षाने सहा वर्षं काही केलं नाही." दोन हजारला पुन्हा पक्षाला, "कारण पोरांनी चार वर्षांत चार सरकारं केली." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्याकडे असं करत नाहीत?"

मी जी दीड ओळ वीस वर्षं शिकवली होती ती त्या टेबलावर संपली.

तर १९९६. त्याआधी १९९२ मध्ये पक्षाला ५७ टक्के मतांवर ७६ पैकी ७० जागा मिळाल्या होत्या. तेव्हा "एकपक्षीय राजवट परत आली" असं बाहेरच्या निरीक्षकांना वाटलं असेल तर त्यांचा दोष नाही. पण १९९३ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षाने आपल्याच राष्ट्रपती ओचिरबात यांना उमेदवारी नाकारली. विरोधकांनी त्यांना उचललं आणि ते आरामात जिंकले. आणि जून १९९६ मध्ये विरोधकांच्या डेमोक्रॅटिक युतीने ७६ पैकी ५० जागा घेतल्या. मतदान ९० टक्क्यांच्या वर. पंचाहत्तर वर्षं गादीवर बसलेला पक्ष उठला आणि विरोधी बाकांवर जाऊन बसला. सैन्य हललं नाही, मतपेट्या बदलल्या नाहीत. आणि २००० मध्ये तोच पक्ष ७६ पैकी ७२ जागा घेऊन परत आला, तेव्हा डेमोक्रॅट्सही तसेच उठले. आधीच्या हिवाळ्यात भीषण झुद पडलेला (झुद म्हणजे कुरणं बर्फाखाली गोठून जनावरं उपाशी मरतात तो काळ), लोकांचा राग सरकारवर निघाला. मतदारांनी दोन्ही बाजूंना एकेकदा घरी पाठवलं आणि दोघंही गेले. माझ्या लेखी लोकशाही आली ती इथे.

एवढं सगळं सांगितल्यावर आतापर्यंतचा हिशेब असा होतो: जुन्या पक्षाला जिंकायची आशा होती म्हणून त्याने १९९० मध्ये बंदूक उचलली नाही. जिंकत राहिला म्हणून नवे नियम त्याला परके वाटले नाहीत. हरला तेव्हा परत जिंकता येतं हे दिसत होतं म्हणून गेला. तुम्ही ज्याला लोकशाहीची खोट म्हणता, ती पक्षाची १९९० ची जीत, तिच्यामुळेच पुढचं सगळं बिनरक्ताचं झालं असं मला वाटतं.

आता शेजाऱ्यांचं. "भटके लोक, मोकळ्या कुरणावर वाढलेले, त्यांच्या रक्तातच स्वातंत्र्य" हे उत्तर तुम्हाला खूप ठिकाणी मिळेल. ऐकायला गोड आहे. पण कझाक आणि तुर्कमेनही त्याच कुरणावर वाढले, आणि तुर्कमेनिस्तानात काय आहे ते आपण बघतोच. फरक माझ्या मते तिथे आहे जिथे मी मघाशी खूण करून ठेवली होती. कझाकस्तान, उझबेकिस्तान ही सोव्हिएत संघाची राज्यं होती. १९९१ मध्ये त्यांना स्वातंत्र्य जवळपास न मागता मिळालं, आणि स्थानिक पक्षसचिव एका रात्रीत राष्ट्रपिता झाले. नजरबायेव २०१९ पर्यंत राष्ट्रपती राहिले, करिमोव २०१६ मध्ये मरेपर्यंत. मंगोलियात राष्ट्र आधीपासून होतं. त्यामुळे "आम्ही देश मिळवून दिला" हा अंगरखा पक्षाला घालता आला नाही. उलट चंगेज खान, जुनी लिपी, मठ हे सगळं विरोधकांच्या बाजूने उभं राहिलं.

दुसरं, तिजोरी रिकामी होती. हे विचित्र वाटेल, पण ज्या देशात तेल-वायू वाहतो तिथे सत्ता सोडणं फार महाग पडतं. नव्वदीत मंगोलियात धरून ठेवण्यासारखं एर्देनेतच्या तांब्यापलीकडे फारसं काही नव्हतं. ओयु तोल्गोइच्या प्रचंड खाणीचा करार झाला २००९ मध्ये, तोवर निवडणुकांची सवय पडून गेली होती. तिसरं, परदेशी मदत. ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर तिथे गेले आणि "तिसरा शेजारी" हा शब्द रूढ झाला. नकाशावर नसलेला शेजारी हवा असेल तर त्याला आवडेल असं घर ठेवावं लागतं. आणि थोडं नशीबही. बातमोंख यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मी आज वेगळं उत्तर लिहीत असतो. त्यांनी सत्ता सोडली, गप आपल्या घरी राहिले आणि १९९७ मध्ये वारले.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर प्रेमात पडलेत. २ ऑक्टोबर १९९८ ला, पंतप्रधानपदासाठी नाव पुढे येत असतानाच, झोरिग यांचा त्यांच्या घरात भोसकून खून झाला. शिक्षा झाल्या त्या जवळपास दोन दशकांनी, आणि त्याही अशा खटल्यात की लोकांचा त्यावर विश्वास नाही. चौकाजवळ त्यांचा पुतळा आहे, रस्ता ओलांडायला निघालेला साधा माणूस वाटावा असा. जुलै २००८ मध्ये निकालावरून दंगल उसळली, पक्षाचं मुख्यालय जळलं, पाच माणसं मेली, आणीबाणी लागली. खाणींचा पैसा आला आणि त्याच्यामागून भ्रष्टाचार आला. डिसेंबर २०२२ मध्ये चीनला जाणारा कोळसा चोरीला गेल्यावरून पोरं पुन्हा कडाक्याच्या थंडीत चौकात उतरली. झुदमध्ये जनावरं गमावलेले पशुपालक उलानबातरच्या कडेला गेर टाकून राहतात, कोळसा जाळतात आणि हिवाळ्यात शहरावर जो धूर बसतो तो मी फुप्फुसात घेऊन आलोय. निम्मा देश आता त्या एका शहरात आहे.

राहिली पाटी. ती खरोखरच बदलली, पण २०१० मध्ये: जुन्या पक्षाने नावातून "क्रांतिकारी" शब्द काढला. लगेच एक गट फुटला आणि तेच जुनं नाव लावून बसला, पुढे २०२१ मध्ये दोघं परत एक झाले. सुखबातर चौकाचं नाव २०१३ मध्ये चंगेज चौक झालं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुखबातर चौक. तेव्हा तिथल्या पाट्यांवरून फारसे निष्कर्ष काढू नका.

त्यापेक्षा २०२४-२५ मध्ये काय झालं ते बघा. २०२४ च्या निवडणुकीत संसद १२६ जागांची झाली आणि जुन्या पक्षाला ६८ मिळाल्या. मे २०२५ मध्ये पंतप्रधान ओयुन-एर्देने यांच्या मुलाच्या आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या उंची राहणीचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले. पगाराच्या मानाने हे कुठून आलं, असं विचारत तरुण पोरं आठवड्यांमागून आठवडे चौकात येत राहिली. शेवटी पंतप्रधानांनी ३ जूनला संसदेकडे विश्वासमत मागितलं. मतदान गुप्त होतं. बाजूने ४४, विरोधात ३८. पण घटनेप्रमाणे एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ६४ मतं लागतात. ती नव्हती, म्हणून पंतप्रधान गेले. नवे पंतप्रधान आले ते त्याच पक्षाचे.